वीस शिलिंगांची लेक

सासूबाईंकडे त्यांच्या आईच्या अक्षरातलं एक पान आहे, रेघांच्या वहीतलं, घड्यांवर फाटून चार तुकडे व्हायला आलेलं. त्यावर एवढंच लिहिलंय की आपण मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या जॉन हाउलंडच्या वंशातले, त्याची मुलगी होप हिच्याकडून, आणि जॉनची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. बास. मधल्या तीनशे वर्षांचं काहीच नाही. सासूबाई आता ७६ च्या, ओहायोत राहतात, आणि गेली दोन वर्षं फोनवर दर रविवारी होपचा विषय निघायचाच. शेवटी मी म्हटलं मॉम, चला, जाऊनच येऊ. नवऱ्याला रजा मिळेना म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघीच निघालो, मी न्यू जर्सीहून गाडी घेऊन आणि त्या विमानाने बॉस्टनला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेफ्लॉवर म्हणजे १६२० मध्ये इंग्लंडहून १०२ प्रवासी घेऊन आलेलं जहाज, प्लिमथची वसाहत त्यांनी वसवली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळपास निम्मे गेले. जे वाचले त्यांच्या वंशजांची एक सोसायटी आहे, १८९७ पासूनची, आणि तिथे सभासद व्हायचं तर प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू कागदाने दाखवावा लागतो. घरात असं म्हणतात, हे चालत नाही.

दिवस पहिला, बॉस्टन

न्यूबरी स्ट्रीटवर वंशावळींची मोठी लायब्ररी आहे, संस्था १८४५ सालची, या कामातली अमेरिकेतली सगळ्यात जुनी. आम्ही गेलो ते थेट वरून, म्हणजे हाउलंडपासून खाली यायचं ठरवून, आणि तिथल्या बाईंनी पहिल्याच पाच मिनिटांत आम्हाला उलटं फिरवलं. म्हणाल्या स्वतःपासून सुरुवात करा आणि एकेक पायरी वर चढा, वरून उतरायला लागलात तर कुठल्याही हाउलंडच्या घरात जाऊन पोचाल. आणि पायरी म्हणजे नुसतं नाव नाही, ही हिचीच मुलगी हे सांगणारा कागद.

मेफ्लॉवरच्या प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या मात्र अभ्यासकांनी आधीच तपासून छापून ठेवल्यात, कव्हरच्या रंगावरून सगळे त्यांना रुपेरी पुस्तकंच म्हणतात. पाचव्या पिढीच्या मुलांची नावंही त्यात असतात, म्हणजे सहावी पिढी हाताशी लागते. सासूबाई बाराव्या. तेव्हा आमचं खरं काम मधल्या चार-पाच पायऱ्यांचं.

पण त्या आधी कार्व्हरचं प्रकरण निघालं. बाईंनी सासूबाईंचं पान वाचलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की एलिझाबेथ कार्व्हरची मुलगी नव्हतीच. कितीतरी पिढ्या सगळे हाउलंड तसंच मानत होते, कारण जॉन हा कार्व्हरच्या घरातला नोकर म्हणून जहाजावर होता हे सगळ्यांना ठाऊक. खरी माहिती होती कार्व्हरनंतर प्लिमथचा गव्हर्नर झालेल्या ब्रॅडफर्डने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या हस्तलिखितात, आणि ते स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बॉस्टनमधून नाहीसं झालं. १८५५ मध्ये सापडलं कुठे, तर लंडनच्या बिशपच्या लायब्ररीत! दुसऱ्या वर्षी छापलं, आणि त्यात ब्रॅडफर्डने प्रवाशांची घरवार यादीच दिलेली. जॉन टिली आणि त्याची बायको किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले, त्यांची मुलगी एलिझाबेथ हिने जॉन हाउलंडशी लग्न केलं. सरळ दोन ओळी. मूळ हस्तलिखित १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आलं, आज ते बॉस्टनच्या स्टेट हाउसमधल्या लायब्ररीत आहे, आम्ही त्या पानाचा स्कॅन बघितला.

म्हणजे तेरा वर्षांची पोर, परक्या किनाऱ्यावर, आईबाप दोघंही गेलेले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आईच्या पानाची झेरॉक्स काढली, त्यावर कार्व्हर खोडलं नाही, शेजारी शिसपेन्सिलने बारीक अक्षरात टिली लिहिलं.

दिवस दुसरा, कोलंबिया पॉइंट

हा दिवस सगळ्यात कष्टाचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, फोटो मात्र एकही नाही. समुद्राकाठी मॅसॅच्युसेट्सचं राज्य अभिलेखागार आहे, तिथे १८४१ पासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी बघायला मिळतात.

अडचण काय होती ते सांगते. सासूबाईंच्या खापरपणजीपर्यंतचे कागद घरातच होते. ती मेन राज्यातली, १८४० च्या दशकात लॉवेलच्या कापड गिरणीत कामाला आली, तेव्हा मेन आणि न्यू हॅम्पशरच्या शेतांवरून कितीतरी मुली तशा यायच्या, बोर्डिंग हाउसमध्ये राहून घरी पैसे पाठवायच्या. पण तिची आई कोण? मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता, पण गावोगावच्या नोंदी कुठे आहेत कुठे नाहीत, आणि राज्यभराच्या नोंदी तिथे १८९२ पासूनच्या. जनगणनेचं म्हणाल तर १८५० च्या आधी फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहायचे, बाकी सगळे नुसते आकडे, अमुक वयाच्या बायका किती आणि अमुक वयाची पोरं किती. बाई घरात चाळीस वर्षं राबली तरी कागदावर ती एका चौकटीतला एक आकडा.

लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या वंशवृक्षांमध्ये या आईचं नाव तयार होतं आणि तीस-चाळीस जणांनी तेच उचललं होतं. मीही दोन वर्षं तेच धरून बसले होते. तिथे नोंदी लावून बघितल्यावर कळलं की ती त्याच नावाची दुसरीच बाई, आमच्या खापरपणजीच्या जन्माच्या वेळी तिचं वय नऊ होतं. एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी ती खरी धरली. मला वाईट वाटलं कारण सासूबाईंना ते नाव पाठ झालं होतं, त्या तिला मनातल्या मनात आजी मानत होत्या.

मग नवीन सुरुवात. आमच्या डोक्यात होतं की आई मेनमध्येच वारली असणार. मायक्रोफिल्म फिरवता फिरवता सासूबाई म्हणाल्या, म्हातारपणी बाई कुठे जाते, लेकीकडेच ना? लॉवेलचं रजिस्टर लावलं. इंडेक्समध्ये आडनावाचं स्पेलिंग भलतंच होतं त्यामुळे तीन तास गेले, पण सापडली! १८७४, विधवा, वय ७६, जन्म मेन, कारणाच्या रकान्यात जलोदर, आणि शेवटच्या दोन रकान्यांत वडिलांचं नाव आणि आईचं नाव. मॅसॅच्युसेट्सच्या मृत्यूनोंदीत आईबापांची नावं लिहायचे, ही फार मोठी गोष्ट आहे, कितीतरी जणांची अडलेली वाट तिथेच मोकळी होते. कारकुनाची शाई फिकट तपकिरी झालेली, वडिलांच्या नावातलं मोठं अक्षर अगदी ऐटीत वळवलेलं.

ते नाव आणि गाव रुपेरी पुस्तकातल्या सहाव्या पिढीतल्या एका मुलाशी जुळत होतं. मी तर उडीच मारली, पण लायब्ररीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, नाव आणि गाव जुळणं म्हणजे शक्यता, पुरावा नाही. सकाळच्याच अनुभवानंतर पटलं.

रात्री मला त्र्यंबकेश्वर आठवत राहिलं. मी अकरा वर्षांची असताना बाबांबरोबर गेले होते, आमच्या तीर्थोपाध्यायांनी कापडात गुंडाळलेली लांबट चोपडी काढली आणि पणजोबांची मोडी सही दाखवली, बाबांनी त्या सहीवर हळूच बोट ठेवलं होतं. त्या चोपडीत आमच्या घरच्या बायकांची सासरची नावं होती, माहेर एकीचंही नव्हतं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, इथेही तेच, फक्त वह्या वेगळ्या.

दिवस तिसरा, प्लिमथ

बॉस्टनहून चाळीसेक मैल. प्लिमथ रॉक बघितला, १६२० कोरलेला दगड आणि भोवती खांबांचा मंडप, दोन मिनिटांत होतं. त्याच्या समोरच्या कोल्स हिलवर मात्र थांबलो, पहिल्या हिवाळ्यातले मृत तिथे पुरले होते, टिली नवराबायको गेले ते त्याच हिवाळ्यात. त्याच टेकडीवर इथल्या मूळच्या वाम्पानोग लोकांचा पुढारी मासासोइट याचा पुतळा आहे आणि एक पाटी, १९७० पासून त्यांचे वंशज थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तिथे जमून शोकदिवस पाळतात. या जागी आधी पटक्सेट नावाचं गाव होतं, गोऱ्या लोकांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते जहाज येण्याआधीच ओस पडलं होतं. आम्ही ज्या वह्यांत एका मुलीचा माग काढत होतो त्या वह्यांत त्या गावातल्या मुलींची नावं नाहीत. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

धक्क्यावर मेफ्लॉवरची प्रतिकृती उभी असते, १९५७ मध्ये इंग्लंडहून समुद्रातून चालवत आणलेली. जॉन हाउलंडची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट या जहाजावरची. वादळात तो डेकवर आला आणि जहाज कलंडताच समुद्रात फेकला गेला. टॉपसेल म्हणजे वरचं शीड, ते चढवायचा दोर पाण्यात लोंबत होता तो त्याच्या हाती आला, कितीतरी वाव पाण्याखाली जाऊनही त्याने तो सोडला नाही, मग आकड्याने ओढून वर काढलं. ब्रॅडफर्डने हे लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. मी तिथल्या माणसाला विचारून तो दोर कुठला ते बघितलं, सासूबाईंनी शेजारचा दोर मुठीत धरून बघितला, त्यांची बोटं पुरती मिटत नव्हती.

दुपारी बरियल हिलवर जॉनचा दगड. त्यावर प्लिमथच्या दप्तरातलं वाक्य कोरलंय, की मेफ्लॉवरमधून आलेल्यांपैकी प्लिमथमध्ये राहिलेला हा शेवटचा पुरुष. एलिझाबेथ टिलीचं नाव त्याच दगडावर आहे. सासूबाईंनी झेरॉक्सवरचा आपला पेन्सिलीतला शब्द आणि दगडावरचा शब्द ताडून बघितला. मग सँडविच स्ट्रीटवरचं जेबेझ हाउलंडचं घर, जेबेझ म्हणजे जॉनचा मुलगा. मेफ्लॉवरवरची माणसं ज्यात राहिली असं प्लिमथमध्ये अजून उभं असलेलं हे एकच घर. बुटकी दारं, जाडजूड तुळया, स्वयंपाकाची चूल एवढी रुंद की सासूबाई आत उभ्या राहिल्या असत्या.

पण मला ज्यासाठी यायचं होतं ते दोन कागद. प्लिमथ कॉलनीच्या मूळ वह्या काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयाच्या ताब्यात आहेत, आम्ही छापील प्रत वापरली.

पहिला कागद १६२७ चा. वसाहतीतली सामाईक गुरं वाटून घ्यायची ठरली, तेरा तेरा माणसांचे बारा गट केले आणि प्रत्येक गटातल्या बायकापोरांसकट सगळ्यांची नावं लिहिली, कारण वाटा माणशी होता. गुरांच्या वाटणीमुळे अख्ख्या गावाची जनगणना झाली! चौथा गट जॉन हाउलंडचा, बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन, मुलगी डिझायर. त्यांच्या वाट्याला आलेल्या कालवडीचं नावसुद्धा आहे, रॅगहॉर्न. होप तेव्हा जन्मली नव्हती.

दुसरा कागद जॉनचं मृत्युपत्र, मे १६७२. मुलांना जमिनी, बायकोला रॉकी नूकचं घर, आणि मग मुली, एकेकीच्या सासरच्या आडनावासह. डिझायर गोरम, वीस शिलिंग. होप चिपमन, वीस शिलिंग. एलिझाबेथ डिकिन्सन, वीस शिलिंग. अशा सहाही जणी. होप ही जॉन हाउलंडचीच मुलगी आणि तीच चिपमनची बायको, हे बापाने स्वतः सांगितलेलं. सासूबाईंना रक्कम बघून राग आला. वीस शिलिंग म्हणजे एक पौंड, मुलग्यांना एकरच्या एकर आणि मुलींना हे? मलाही तसंच वाटलं होतं पण वाचलेलं आठवलं ते सांगितलं, मुलींचा वाटा बहुधा लग्नातच दिलेला असायचा, भांडीकुंडी, गुरं, आपल्याकडच्या आंदणासारखा. मृत्युपत्रातली रक्कम म्हणजे हिला विसरलो नाही याची नोंद. आणि त्या नोंदीमुळेच होप आज सापडते. जॉन जमीन देऊन गप्प बसला असता तर लेकी हरवल्या असत्या.

संध्याकाळी किंग्स्टनमधल्या रॉकी नूकला जाऊन आलो, घर कधीच गेलं, जागा राखून ठेवली आहे. वाटेत क्रॅनबेरीची लाल होत आलेली शेतं.

दिवस चौथा, बार्नस्टेबल

सॅगमोर पूल ओलांडला की केप कॉड. होप आणि तिचा नवरा जॉन चिपमन बार्नस्टेबलला राहिले, तो तिथल्या चर्चचा एल्डर, म्हणजे एक पदाधिकारी होता. इथल्या काउंटीचं कोर्ट १८२७ मध्ये जळालं आणि जमिनीच्या खतांची जवळजवळ सगळी पुस्तकं गेली, मृत्युपत्रांची वाचली. केपवरचा पूर्वज शोधणारा माणूस या आगीबद्दल असा बोलतो जसं काही परवाच लागली.

लोथ्रॉप हिलची दफनभूमी रस्त्याला लागूनच आहे. होपचा दगड पाटीसारखा काळसर, गुडघ्याएवढा, वर पंख असलेली कवटी. सकाळचं तिरपं ऊन होतं म्हणून अक्षरं वाचता आली. दगड घासायचा नाही, खडू लावायचा नाही, आम्ही नुसता एक छोटा आरसा धरून उजेड आडवा पाडला, ही युक्ती लायब्ररीतल्या बाईंचीच. एल्डर जॉन चिपमनची बायको, वय ५४, ८ जानेवारी १६८३ रोजी हे आयुष्य सोडून अधिक चांगल्या आयुष्यात गेली.

इथे एक गंमत आहे जी मला मनापासून आवडली. होपचा जन्म १६२९ च्या ऑगस्टमधला. जानेवारी १६८३ ला तिला ५३ पूर्ण होतात, ५४ नाही. मग दगड चुकला का? नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये आणि इथेही नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, जानेवारी हा जुन्या वर्षाच्या अखेरीकडचा महिना, आपला माघ कसा. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं. म्हणजे त्यांचा जानेवारी १६८३ हा आपला जानेवारी १६८४, म्हणून पुस्तकांत अशा तारखा १६८३/८४ असं लिहितात, आणि ५४ बरोब्बर बसतं. दगड कोरणाऱ्याने वय लिहिलं म्हणून साडेतीनशे वर्षांनी गणित तपासता आलं.

सासूबाई दगडासमोर गवतावर बसल्या. काही बोलल्या नाहीत, मीही गाडीत जाऊन थांबले. वीसेक मिनिटांनी उठल्या तेव्हा स्कर्टला दवाचा ओला डाग होता.

दुपारी गावातली स्टर्जिस लायब्ररी, तिचा सगळ्यात जुना भाग १६४४ सालचा, पाद्री लोथ्रॉपचं घर. केपच्या घराण्यांचे कागद तिथे खूप आहेत, चिपमनांचेही, पण आमच्या मधल्या पायरीचं काही मिळालं नाही.

मिळालं ते रात्री मोटेलमध्ये. मेनच्या त्या काउंटीची जुनी मृत्युपत्रं फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट स्कॅन करून ठेवलीत, शोधयादी मात्र हाताने चाळावी लागते. मी पानं उलटत होते, सासूबाई गोळ्या घेऊन आडव्या झाल्या होत्या. साडेअकराला ते पान आलं. लॉवेलच्या रजिस्टरमधल्या वडिलांचंच मृत्युपत्र, १८३१ सालचं, मुलांना शेत, आणि मग मुलगी, तिच्या सासरच्या आडनावासह, नवऱ्याच्या नावासह. तिला एक डॉलर.

मी सासूबाईंना उठवलं. त्यांनी चष्मा लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला, ती ओळ बोटाने वाचली, परत वाचली. मग म्हणाल्या, एक डॉलर! आणि रडायला लागल्या, आणि मीही. तिसऱ्या दिवशी वीस शिलिंगांवर चिडलेल्या त्याच बाई एका डॉलरला हात लावून बसल्या होत्या, स्क्रीनवर.

दिवस पाचवा, ऱ्होड आयलंड

परतीच्या वाटेवर ईस्ट प्रॉव्हिडन्स. एलिझाबेथ टिली जॉनच्या मागे जवळजवळ पंधरा वर्षं जगली, शेवटी स्वान्झीला लेक लिडियाकडे राहिली आणि डिसेंबर १६८७ मध्ये गेली. म्हातारपणी बाई लेकीकडे जाते, हे इथेही. ती बुलक्स कोव्हच्या काठावर लिटल नेक दफनभूमीत आहे, खुणेचा दगड पुष्कळ नंतरचा. त्या दिवशी तिथे आम्ही दोघी आणि गवत कापणारा एक माणूस, त्याने आम्हाला बघून मशीन बंद केलं.

एलिझाबेथने एक वर्ष आधी स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं, त्याची नक्कल आम्ही आणली होती. सासूबाईंनी ते उभं राहून मोठ्याने वाचलं. लिडियाला सगळ्यात चांगली पिसांची गादी, हिरवी रग, छोटं कपाट, लहान पितळी भांडं, छोटं बायबल, आणि सगळ्यात तलम चादरींची जोडी. घरात काय होतं ते एकेक डोळ्यांसमोर येत गेलं. होपचं नाव त्यात मुलींमध्ये नाही, कारण होप तीन वर्षं आधी वारली होती, आईच्या आधी. काल त्या दगडासमोर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वाचून झाल्यावर सासूबाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मेफ्लॉवर सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज काढला. सातव्या पिढीचा रकाना तेवढा मोकळा होता. गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी त्यात नाव लिहिलं, आधी माहेरचं, मग सासरचं, आणि पुराव्याच्या जागी मृत्युपत्र, १८३१. या वेळी पेनने.

मग त्यांना भूक लागली. रस्त्यात क्लॅम चावडर मिळालं ते खाल्लं, आणि चारच्या विमानासाठी त्यांना प्रॉव्हिडन्सला सोडलं.